म्हाताऱ्या मांजरीची घरात लघवी

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात १४ वर्षांची आमची मांजर आजवर अंगणातच जात असे, परंतु महिनाभरापासून ती गोधडीवर आणि घरात साठवलेल्या कापसावर लघवी करते व पाणीही फार पिते. काय करावे?

उत्तर १: कृपया तिला रागावू नका, हा खोडसाळपणा नव्हे. इतके पाणी पिणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते, म्हणून पशुवैद्यकाकडून रक्त व लघवी तपासून घ्या. पाणी मात्र कधीही तोडू नका.

उत्तर २: आमच्या बोक्याला सांधेदुखीमुळे ओटा उतरवत नव्हता, कमी उंचीच्या टोपल्यात वाळू घालून ते झोपण्याच्या जागेजवळ ठेवल्यावर फरक पडला. पुसायला फिनाईल वापरू नका आणि दुखण्यावर पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. मांजरांसाठी या दोन्ही गोष्टी विषारी आहेत.