क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप निवृत्त झाले, यात आनंद कशाचा?

माणदेशी
रिअ‍ॅक्ट या वेबपाने बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा नवा प्रकल्प उभा करून देणारे साधन म्हणजे क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप. त्यावर काल एक टिपणी वाचली. तिचे सार असे: क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप बंद पडले ते बरेच झाले, एका कमांडीत तयार प्रकल्प हाती देणाऱ्या साधनांनी नवशिक्यांना परावलंबी केले, आणि ज्याला रिकाम्या फोल्डरात वेबपॅक (सगळ्या फायली एकत्र बांधणारे साधन) स्वतः जुळवता येत नाही त्याने रिअ‍ॅक्टच्या वाटेला जाऊ नये. वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हे साधन जुलै 2016 मध्ये आले. त्याआधी साधे एक पान पडद्यावर आणायचे तर वेबपॅकची कॉन्फिग म्हणजे मांडणीची फाइल, नवे जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना कळेल असे बदलणाऱ्या बेबलचे प्रीसेट, सीएसएससाठी निराळे लोडर अशी जुळवाजुळव करावी लागे, आणि त्यांतल्या एकाची आवृत्ती दुसऱ्याशी पटली नाही की टर्मिनल लाल अक्षरांनी भरून जाई. कंपोनंट (पानाचा पुन्हा वापरता येणारा तुकडा) म्हणजे काय हे कळण्याआधीच शिकणारा कंटाळून उठे. ही अडचण दूर करण्यात परावलंबन कसले? रुबी भाषेतल्या रेल्स या वेब-चौकटीत तर हीच सोय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, आणि तिच्यामुळे रुबी लिहिणारे आळशी झाले असे कोणी म्हणत नाही.

रिअ‍ॅक्टच्या चमूने 14 फेब्रुवारी 2025 रोजी हे साधन निवृत्त केले, तेव्हा सक्रिय देखभाल करणारे कोणी उरलेले नाही हे कारणही स्पष्ट दिले होते. शेवटची मोठी आवृत्ती डिसेंबर 2021 ची. दोष असेल तर तो देखभाल थांबण्याचा आहे. साचा देण्याचा नाही.

मूळापासून
ती टिपणी माझीच आहे आणि मी तिच्यावर ठाम आहे. आमच्याकडे क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपच्या चौथ्या आवृत्तीवर बांधलेला एक प्रकल्प होता. सर्व्हरवर नोड 17 (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चढवले आणि बिल्ड, म्हणजे अंतिम फायली तयार करण्याचे काम, ओपनएसएसएल या सांकेतीकरणाच्या लायब्ररीची त्रुटी दाखवून थांबले. चमूतील एकाने कुठूनतरी ओपनएसएसएलचे जुने अल्गोरिदम चालू करणारा पर्याय शोधून पॅकेज फाइलमध्ये चिकटवला, बिल्ड चालले आणि विषय संपला. वेबपॅक 4 हॅशसाठी (फायलींची ओळखखूण काढण्यासाठी) एमडी4 हा जुना अल्गोरिदम वापरतो आणि ओपनएसएसएल 3 मध्ये तो मुळात बंद असतो, हे त्या चमूत कोणालाही सांगता आले नाही. सगळी यंत्रणा रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स या एकाच पॅकेजमध्ये दडवून ठेवल्याचा हा परिणाम आहे. इजेक्टची, म्हणजे दडवलेली कॉन्फिग आपल्या प्रकल्पात बाहेर काढण्याची, वाट होती म्हणाल, तर ती एकेरी होती, आणि त्या वाटेने गेल्यावर जी लांबलचक कॉन्फिग अंगावर येते ती कोणी वाचत नाही.

लातूरची शिक्षिका
आपण दोघेही खऱ्या प्रश्नाला बगल देत आहात. मार्च 2023 मध्ये रिअ‍ॅक्टचे नवे दस्तऐवज आले तेव्हाच त्यांच्या शिफारशींत हे साधन नव्हते. तरीही आजही खासगी क्लासमध्ये पहिल्या दिवशी तीच कमांड फळ्यावर लिहिली जाते. माझ्याकडे शंका विचारायला येणाऱ्या मुली मोबाइलच्या डेटावर हजारो फायली उतरवून घेतात आणि शेवटी निवृत्तीची सूचना वाचतात. रिअ‍ॅक्ट 19 आल्यानंतर काही काळ तर ही कमांड डिपेंडन्सींच्या (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांच्या) भांडणावरच अडत होती, आणि मुलींना वाटायचे की आपलेच काही चुकले. याची जबाबदारी कोण घेणार?

क्लासवाला
ताई, शहाणपण सांगण्याआधी आमच्या लॅबमध्ये येऊन बसा. यंत्रांवर विंडोज 7 आहे, आणि नोडने 14 व्या आवृत्तीपासून त्याचे पाठबळ काढून घेतले. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपच्या जागी हल्ली लोक सुचवतात त्या व्हीट या साधनाच्या सातव्या आवृत्तीला किमान नोड 20.19 लागते. ते कुठून आणू? जुनी क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप चालवू गेलो तर तुमची आवृत्ती मागे आहे म्हणून तीही नकार देते. म्हणून चौथ्या आवृत्तीचा एक चालता प्रकल्प मी नोड-मॉड्यूल्स या पॅकेजांच्या फोल्डरसकट झिप करून पेनड्राइव्हवर ठेवला आहे आणि तोच प्रत्येक यंत्रावर उलगडतो. मुले त्यावर स्टेट (कंपोनंटची बदलती माहिती) शिकतात, प्रॉप्स (त्याला बाहेरून दिलेली माहिती) शिकतात. यात मी कोणाची फसवणूक केली?

लातूरची शिक्षिका
शिकवण्याला माझी हरकत नाही. पण हा साचा जुना आहे आणि नोकरीत निराळा दिसेल, हे त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगता का? घसघशीत फी घेऊन चार वर्षांपूर्वीच्याच नोट्स वाटणारे क्लास मी जवळून पाहिले आहेत. यंत्रे जुनी असणे ही अडचण आहे, ती लपवणे हा अन्याय आहे.

क्लासवाला
फीचा विषय काढायचा असेल तर वीजबिल आणि जागेचे भाडे यांचाही काढा. जुना साचा आहे हे मी सांगतो. सगळे सांगत नाहीत, एवढे मान्य.

माणदेशी
क्लासच्या वादात मूळ मुद्दा हरवू नये. अलीकडेच मी एक प्रकल्प क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवरून व्हीटवर आणला. इंडेक्स एचटीएमएल पब्लिक फोल्डरमधून मुळाशी आणावी लागली, रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप या उपसर्गाची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स व्हीटच्या उपसर्गाने नव्याने लिहावी लागली, आणि जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले एचटीएमएलसारखे मार्कअप) असलेल्या फायलींची एक्स्टेन्शन बदलावी लागली. पण व्हीटची कॉन्फिग मोजक्या ओळींची असते आणि ती आपल्याच फोल्डरात उघड्यावर राहते. प्लगइन कुठे जोडायचे हे नवख्यालाही दिसते. साचा देऊनही यंत्रणा दडवायची गरज नसते, याचा हा पुरावा आहे.

मूळापासून
उघड्या कॉन्फिगचा मुद्दा मला पटतो, आणि पहिल्या आठवड्यापुरता साचा असावा इथपर्यंत मी येतो. त्यापुढे मात्र नाही. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला जेएसएक्सचे जावास्क्रिप्ट कोण करते हे सांगता आले नाही, तर व्हीटनेही तेच झाकले असे मी म्हणेन. व्हीटचा डेव्ह सर्व्हर (काम चालू असताना पान दाखवणारा) टाइपस्क्रिप्टचे, म्हणजे प्रकार नोंदवलेल्या जावास्क्रिप्टचे, प्रकार तपासतच नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

माणदेशी
मग मुलाखतीत तेच विचारा आणि ज्यांना येत नाही त्यांना शिकवा. त्यासाठी सगळ्यांनाच रिकाम्या फोल्डरात बसवण्याचे कारण मला अजूनही दिसत नाही.

क्लासवाला
ताई, व्हीटची कोणती जुनी आवृत्ती आमच्या यंत्रांवरच्या नोड 12 वर चालते हे तुम्हाला माहीत असेल तर सांगा. ती चालली तर पुढच्या तुकडीला पेनड्राइव्हवर तीच देईन. यंत्रे बदलणे माझ्या हातात नाही.

लातूरची शिक्षिका
दुसरी आवृत्ती चालते. नोड 12.2 किंवा त्यापुढचे असले की पुरे. तीही आता जुनीच आहे, हे मात्र मुलांना सांगा.