पोरगी व्हिडिओ बघून "समजलं" म्हणते पण कागदावर काहीच येत नाही, काय करावं?

मंगळवारपेठ_पालक:
नमस्कार मंडळी. पोरगी यंदा दहावीला आहे, क्लास लावला नाही कारण यूट्यूबवर सगळं आहे म्हणाली, आणि खरंच आहे, भूमितीचा एकेक धडा चार-चार जण मराठीतनं शिकवायलेत. रोज दोन तास बसते, मधे रील्स वगैरे काही नाही, मी शेजारीच असतो. समजलं का विचारलं की "हो पप्पा, सोप्पं आहे". परवा कोरा कागद देऊन म्हटलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेघ बाकीच्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात छेदते, ते) सिद्ध कर, तर आकृती काढून थांबली आणि रडायलाच लागली. मोबाईल काढून घेऊ का? मला खरंच कळंना झालंय.

करवीर_गुरुजी:
काढून घेऊ नका हो. मी हायस्कूलला गणित शिकवतो, हे दर वर्षी बघतोय. शिकवणारा चांगला असला की पायरी न पायरी पटत जाते आणि पोराला वाटतं आपल्याला आलं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केलेला, काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. व्हिडिओ परत परत बघणं हे त्या वाचण्यासारखंच. म्हणून दहा मिनिटं बघायचं, मोबाईल पालथा घालायचा, वहीत लिहायचं, अडेल तेवढंच परत बघायचं. पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य मिळतं, शोधत बसायला नको.

गगनबावडा_ते_हॉस्टेल:
काका, मी 2021 च्या बॅचचा, आमची दहावीची परीक्षाच रद्द झालेली. वर्षभर मोबाईलवर शिकलो, घरात रेंज नसायची म्हणून टेकाडावर जाऊन बसायचो, आणि अकरावीला गेल्यावर कळलं की ऐकलंय सगळं पण येत काहीच नाही, लय वाईट वाटलेलं. पण त्याच व्हिडिओंनी नंतर तारलं, कारण सरांना सातव्यांदा विचारायची लाज वाटते, व्हिडिओ सातदा मागं घेता येतो. मी रात्री मित्राला फोन करून तोच टॉपिक शिकवायचो, बोलताना जिथं अडखळलो तिथं कच्चं आहे समजायचं.

मंगळवारपेठ_पालक:
गुरुजी, काल तसंच केलं. त्रिकोणाच्या आत त्या दोन रेघा का जोडायच्या हेच तिला कळलं नव्हतं, व्हिडिओत ते पाच सेकंदात निघून जातंय. क्षेत्रफळांची तुलना करायला जोडतात हे सापडलं तसं तोंड उजळलं, चौथ्या खेपेला न बघता पूर्ण लिहिली सिद्धता. फक्त पुस्तक थोरल्याचं जुनं आहे, क्यूआरचं पानच फाटलंय.

करवीर_गुरुजी:
ई-बालभारतीवरनं पीडीएफ फुकट उतरवून घ्या, कोड त्यात पण असतो. आणि उद्या सकाळी तेच प्रमेय परत लिहायला सांगा, मोबाईल न देता.