करवत काठीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण दुकानदाराला शिक्का वापरता येतो का?

इतवारीवाला
नागपूरच्या इतवारीत साड्यांचं दुकान आहे. आंधळगाव-मोहाडीकडच्या विणकरांच्या कोशाच्या (टसर रेशमाच्या) करवत काठी साड्या ठेवतो, काठावर करवतीसारखे दाते असलेल्या. प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडचं कोल्हापुरी चपलांचं प्रकरण गाजल्यापासून गिऱ्हाईक विचारतं, 'याले जीआय आहे ना?' आहे. पण तो लोगो दुकानदाराला लावता येतो का? आणि उद्या एखाद्या ब्रँडनं करवतीचे दाते छापून ड्रेस काढले तर अडवता येईल का?

कलमबहाद्दर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. जीआय नाव राखतो, नक्षी नाही. जून २०२५मध्ये मिलानला प्राडानं त्या चपला नुसत्या 'लेदर सँडल' म्हणून दाखवल्या, 'कोल्हापुरी' म्हटलंच नाही. शिवाय आपला १९९९चा कायदा भारतापुरता. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, कारण याचिकाकर्ते नोंदणीकृत मालक नव्हते. मालक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, ही दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळं. डिसेंबरात प्राडाचा करार झाला तोही याच दोघांशी : २,००० जोड, सुमारे ८०० युरोला एक. आणि कोणी 'नाव भाड्यानं द्या, रॉयल्टी खा' म्हणालं तर ऐकू नका. कलम २४प्रमाणे जीआय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, परवान्यानं देताही येत नाही.

आता पहिलं. येतो, पण 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी केल्यावर. कायद्यातल्या 'उत्पादक'मध्ये विणकरासोबत त्या मालाचा व्यापारीही बसतो. अर्ज जीआय-३, चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात. सोबत स्टेटमेंट ऑफ केस (आपली बाजू मांडणारं निवेदन) आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाची एक प्रत नोंदणीकृत मालकाला पाठवून तसं चेन्नईला कळवायचं. २०२०पासून फी ५०० ऐवजी १० रुपये. अर्ज जीआय जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठी ३ महिने. प्रतिज्ञापत्रात 'आम्ही विकतो' एवढ्यावर भागवू नका. कोणत्या गावचा माल, कोणाचे माग, खरेदीची बिलं, सगळं जोडा.

तीन धोटे
नोंदणी झाली म्हणून गठ्ठा डोळे मिटून घेऊ नका. यंत्रमागाचा माल करवत काठी म्हणून गेला तर कलम ३९ (खोटा जीआय लावणं) आणि ४० (तसा माल विकणं) : ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड.

साडी उलटी करून बघा. खऱ्या करवतीला तीन धोटे (आडवा धागा म्हणजे बाणा नेणारी साधनं) लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकून मागं फिरतो, तिथंच दाते पडतात. अंगाचा बाणा काठात शिरतच नाही, म्हणून काठाचा रंग निखळ आणि दाते दोन्ही बाजूंनी सारखे. डॉबी-जकार्डच्या (मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्रणांच्या) नकलेत अंगाचा धागा काठातूनही जातो, रंग मळकट दिसतो आणि मागं मोकळे किंवा कातरलेले धागे हाती लागतात. नखानं ओढून बघा.

अंगातला एक धागा जाळा. कोसा असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते. पॉलिस्टरची टणक गोळी होते. काठाचा मात्र जाळू नका. तो सुती असतो, कागदासारखा जळेल अन् तुम्ही उगाच विणकराशी भांडाल. हँडलूम मार्क फक्त हातमाग सांगतो, सिल्क मार्क फक्त रेशीम, करवत काठी असल्याचं दोन्ही सांगत नाहीत.

इतवारीवाला
त्याच कापडाचे कुर्ते शिवून ठेवले तर?

कलमबहाद्दर
साडी कापडात धरतात, किंमत कितीही असो, जीएसटी ५ टक्के. शिवलेला कुर्ता २,५००च्या वर गेला की २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के. किंमत ठरवताना आधी हे बघा, लोगो मग.