नाव झालं नाही म्हणजे कला कमी पडली?

बोरूबहाद्दर: "दम असेल तर नाव होतंच. नाव नाही, म्हणजे कुठेतरी कमी पडले." काल इथे एकाने हे ठणकावून लिहिलं, तेव्हापासून डोकं फिरलंय. विंडोजवर वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये आपण मराठी वाचली, तो र. कृ. जोशींनी घडवला. २००८ मध्ये ते गेले. किती जणांना नाव ठाऊक आहे? स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासून अमूर्त चित्रं काढत होती. मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नका, असं सांगून १९४४ मध्ये गेली. कुठे कमी पडली?

स्पष्टवक्ता: ते वाक्य माझंच. आणि तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात हिल्माचं प्रदर्शन सहा लाखांवर लोकांनी पाहिलं. उशिरा का होईना, नाव झालंच.

बोरूबहाद्दर: सापडली म्हणून बोलताय! आयुष्यभर अनोळखी राहिलेल्या छायाचित्रकार व्हिव्हियन मायरची खोकी २००७ मध्ये लिलावात चुकीच्या हाती पडली असती, तर तिच्या निगेटिव्ह कचऱ्यात गेल्या असत्या. न सापडलेल्यांचं काय?

पाचवी_पट्टी: चित्रं राहू द्या, अरेंजरचं, म्हणजे चालीभोवती वाद्यांचा मेळ रचणाऱ्याचं बोला. शंकर-जयकिशनच्या व्हायोलिनच्या ताफ्यावर सगळे जीव टाकतात, सेबॅस्टियन डिसोझांचं नाव कोण घेतं? माझे वडील अशाच ताफ्यांत वाजवायचे. एका रेकॉर्डिंगला अंतऱ्याआधीचा तुकडा त्यांनी ऐन वेळी सुचवला, तो तसाच घेतला. नाव कुठेच नाही.

चालकार: वडिलांबद्दल आदर आहे, पण चाल ती चाल. ती नुसत्या पेटीवरही उभी राहते. बाकी सगळी सजावट.

पाचवी_पट्टी: सजावट?? सुरुवातीचे चार सेकंद वाजले की गाणं ओळखता ना? तेव्हा गायकाने तोंडही उघडलेलं नसतं!

चालकार: आवाज चढवू नका. मीही चाली बांधतो. माझी चाल दुसऱ्याच्या नावावर गेलेली पाहिलीय, तेव्हा श्रेयाचं मला शिकवू नका.

बोरूबहाद्दर: मग तुम्हालाच तर वडिलांचं दुःख आधी कळायला हवं.

चालकार: ...इंट्रोपुरतं मान्य. त्यापुढे नाही.

स्पष्टवक्ता: "कमी पडले" मागे घेतो, तो शब्द चुकला. पण प्रत्येक वेळी अन्यायच झाला, हे पटत नाही. काहींना नाव नकोच असतं.

पाचवी_पट्टी: माझ्या वडिलांना हवं होतं. त्या रेकॉर्डच्या पाकिटावर, वादकांची नावं असायला हवी होती तिथे, त्यांनी स्वतःच्या हाताने पेनाने लिहून ठेवलंय.