‘अपरिपक्व बालक’ला दुसरा शब्द सुचवा

मंडळी, एक शब्द अडलाय. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या पालकांसाठी पत्रक लिहितेय. हाती आलेल्या मसुद्यात वाक्य आहे, ‘अपरिपक्व बालकाचा मेंदू अपरिपक्व असतो.’ वाचून आईला काय वाटेल?

> काढाच ते. ‘अपरिपक्व’ आपण पोरकट पुढाऱ्यांना म्हणतो. ‘मुदतपूर्व’ म्हटलं की निवडणुका, आणि ‘अकाली’पुढे हात आपोआप ‘निधन’ लिहितो. ‘सातमाशी’ गोड आहे, पण ‘सातव्या महिन्यात झालास का रे?’ हे उतावळ्याला ऐकवायचं वाक्य. आमच्या आजीचा शब्द ‘अपुऱ्या दिवसांचं’.

> नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. माझंही मत आजींनाच. उणे आहेत ते दिवस, बाळ नव्हे. 24व्या आठवड्यात मेंदू बराचसा गुळगुळीत असतो, वळ्या पुढे पडत जातात. 34व्या आठवड्यातही त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या साधारण 65 टक्केच. पोटात व्हायचं ते काम मग काचेच्या पेटीत, मॉनिटरच्या टूंटूंमध्ये चालतं. फार लवकर आलेल्या बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात, म्हणून टाळूवरून सोनोग्राफी करतात. टाळू भरलेली नसते तेच तेव्हा कामी येतं. (‘दाबणार नाही ना?’ हा प्रश्न ठरलेला.) पुढे चालणं, बोलणं, शाळेतलं लक्ष यांत अडचणी येऊ शकतात. आठवडे जितके कमी, तितका धोका जास्त, पण प्रत्येकाला येतातच असं नाही. ‘मेंदूत दोष’ मात्र लिहू नका हं ताई.

बरं, ‘करेक्टेड एज’ला ‘दुरुस्त वय’ चालेल?

> दुरुस्त स्कूटर होते!

> आम्ही म्हणतो, ‘दिलेल्या तारखेपासून मोजा’, म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून, जन्मापासून नव्हे. 28व्या आठवड्यात झालेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर पूर्ण 40 आठवड्यांना कमी पडलेले 12 आठवडे वजा करून तीन महिन्यांचंच धरायचं. शेजारीण टोकते, ‘अजून बसत नाही?’ तीन महिन्यांचं कुणाचं बसतं? साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवतात.

‘तारखेपासूनचं वय’ पक्कं. आणि वाक्य असं करतेय: ‘अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू अजून घडायचा असतो.’

> ‘घडायचा’ नको. सुरुवातच झाली नाही असं वाटतं. ‘घडत असतो’ करा.