वादविवादाची तयारी: स्कॉटलंडने युनायटेड किंग्डममधून बाहेर पडावं का?

नमस्कार मंडळी,

वादविवादाचा विषय ठरला आहे. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना विनंती की, "देश स्वतःच्या पायावर उभा राहील" आणि "देश बुडेल" ही दोन वाक्यं घरीच ठेवून या. 23 जून 2016 ला ब्रिटनच्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने 51.9 विरुद्ध 48.1 टक्के असा कौल लागला. पण बाहेर पडून जायचं कुठे, जकात संघात (आपसांत जकात नाही, बाहेरच्यांना एकच जकात) राहायचं की नाही, एकल बाजारपेठ (सगळ्यांसाठी सारखे व्यापार-नियम) सोडायची की नाही, याबद्दल मतपत्रिकेवर एक अक्षर नव्हतं. ते भांडण निकालानंतर सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. स्कॉटलंडबद्दल बोलताना आपण तरी ते आधी बोलू. कायदा, चलन, सीमा, मतदार: ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते लिहावं.

---

काका, कायद्याचं मी लिहिते.

युरोपीय संघाच्या करारात बाहेरचं दार होतं, कलम 50. पत्र दिलं की दोन वर्षांचं घड्याळ सुरू. ब्रिटनने 29 मार्च 2017 ला पत्र दिलं तेव्हा स्वतःचा आराखडाच पक्का नव्हता. मग तीन वेळा मुदतवाढ मागावी लागली आणि 31 जानेवारी 2020 उजाडला.

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या 1707 च्या एकीकरणाला असं दारच नाही. 1998 च्या स्कॉटलंड कायद्यात 'संघ', म्हणजे हे एकीकरण, हा विषय वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या संसदेकडे, राखीव आहे. 2014 चं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत झालं ते दोन्ही सरकारांमधल्या ऑक्टोबर 2012 च्या एडिंबरा करारानंतर त्याच कायद्याच्या कलम 30 खाली आदेश काढून होलिरूडला, म्हणजे स्कॉटिश संसदेला, तात्पुरता अधिकार दिला म्हणून. 23 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की, त्याशिवाय होलिरूडला सार्वमताचा कायदा करता येणार नाही, सल्ल्यापुरता असला तरी. "घेऊन टाकू सार्वमत" असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा: कलम 30 चं काय?

प्रश्नाची शब्दरचनाही किरकोळ समजू नका. 2014 साठी आधी "स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?" असा मसुदा होता. "सहमत आहात का" म्हटलं की माणूस 'हो'कडे झुकतो, म्हणून निवडणूक आयोगाने ते शब्द काढायला लावले. 2016 ला तर हो-नाही बाजूला ठेवून 'राहावं' आणि 'सोडावं' असे दोन पूर्ण पर्याय छापले.

---

ताईंचा मुद्दा बरोबर आहे, पण मतदार अडखळतो तो चलनावर. 2014 ची योजना पौंड वाटून घ्यायची होती. फेब्रुवारीत तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी एडिंबरात येऊन चलनसंघाला नकार दिला आणि 'हो' बाजूकडे पटेल असा दुसरा आराखडा तयार नव्हता. निकाल 55.3 विरुद्ध 44.7 टक्के, 'नाही'.

करार नसतानाही पौंड वापरता येतो, पनामा डॉलर वापरतो तसा. पण मग व्याजदर लंडनमध्ये ठरणार आणि बँक अडचणीत आली तर बँक ऑफ इंग्लंड पाठीशी नसणार. स्वतःचं चलन काढलं तर गंगाजळी उभी करावी लागते. आणि घरात काय होतं ते पाहा: पगार नव्या चलनात, जुनं गृहकर्ज पौंडात. नवं चलन 10 टक्के घसरलं तर त्या चलनात मोजलेला हप्ता सुमारे 11 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे जुन्या कर्जांचं चलन कोण आणि कोणत्या कायद्याने बदलणार, हे आधी ठरायला हवं. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्याने याचं उत्तर घेऊनच उभं राहावं. उत्तर देता येतं, पण आयत्या वेळी सुचत नाही.

---

सीमेबद्दल थोडं. स्कॉटलंड युरोपीय संघात परतला आणि इंग्लंड बाहेरच राहिलं, तर ग्रेटना आणि बेरिकजवळची हद्द ही संघाची बाह्य जकात सीमा होईल. स्कॉटलंड सामायिक प्रवासक्षेत्रात (ब्रिटन आणि आयर्लंडमधली खुल्या प्रवासाची व्यवस्था) राहिला तर माणसं पासपोर्टशिवाय जाऊ शकतील. माल नाही. लोक या दोन गोष्टींची सतत गल्लत करतात. स्कॉटलंडची साधारण 60 टक्के निर्यात उर्वरित ब्रिटनमध्ये जाते, म्हणजे कागदपत्रांचा भार नेमका तिथेच पडणार.

शून्य जकातीचा करार असला तरी 'मूळ उत्पादना'चा नियम राहतोच. भारतातून आलेले कपडे ब्रिटनमध्ये जकात भरून उतरवले आणि तसेच डब्लिनला, म्हणजे युरोपीय संघातल्या आयर्लंडला, पाठवले, तर तिथे पुन्हा जकात लागते, कारण ते ब्रिटनमध्ये बनलेले नाहीत. अनेक लहान व्यापाऱ्यांना हे 2021 उजाडल्यावर कळलं.

---

सगळे तोट्याचंच लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मे 2014 मध्ये फळमाशीमुळे युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. लंडनला ती मान्य असो वा नसो, पाळावी लागली. हापूस पुढच्या मोसमात परत आला तोही संघाने जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवल्यावर. जकात संघात असताना ब्रिटनला भारताशी वेगळा व्यापार करार करताच आला नसता. तो 24 जुलै 2025 ला झाला. निर्णय कुठे होतो याला किंमत असते, आणि एडिंबरातलं स्कॉटिश सरकारही वेस्टमिन्स्टरला हेच सांगत आहे: 2016 ला स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी 'राहावं' म्हटलं होतं, तरी बाहेर पडावं लागलं. हा युक्तिवाद भावनेचा म्हणून उडवून लावू नका.

---

मतदारांचं राहिलं. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वैध व्हिसाने राहणारे आपण राष्ट्रकुल नागरिक म्हणून 2016 ला मतदार होतो, आणि स्कॉटलंडमध्ये राहणारे 2014 लाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले, म्हणजे युरोपीय संघाचे नागरिक असलेले, आपले गोवेकर स्कॉटलंडमध्ये राहत असतील तर 2014 ला मत देऊ शकत होते, 2016 ला नाही. त्यांच्याच राहण्याच्या हक्काचा प्रश्न असताना नाही. पुढच्या वेळी मतदार कोण, हे पुन्हा नव्याने ठरेल.

नाव मात्र आपोआप लागत नाही. प्रत्येकाने स्वतः, राष्ट्रीय विमा क्रमांक देऊन नोंदवायचं आणि घर बदललं की पुन्हा. 2016 ला शेवटच्या रात्री, 7 जूनला, नोंदणीचं संकेतस्थळ बंद पडलं आणि मुदत दोन दिवस वाढवावी लागली. तेव्हा आजच बघून घ्या.