आई-बाबांची टँडम उडी मी स्वतः चित्रित करू शकतो का?

वाऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. मी गेली तीन वर्षे उत्तर कॅलिफोर्नियात स्कायडायव्हिंग करतो आहे. माझ्या 162 उड्या झाल्या असून अमेरिकेतील पॅराशूट संघटनेचा, म्हणजे यूएसपीएचा, ‘बी’ परवाना माझ्याकडे आहे. येत्या जुलैमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येत आहेत. एसटीतून निवृत्त झाल्यापासून बाबांनी विमानातून उडी मारण्याचा ध्यास घेतला आहे आणि बरीच कुरकुर केल्यानंतर आता आईही तयार झाली आहे. दोघे टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेऊन एकाच पॅराशूटने मारायची उडी, मारतील, आणि ती हवेत त्यांच्या समोर राहून मी चित्रित करावी अशी माझी फार इच्छा आहे.

जुलैपर्यंत माझ्या 200 उड्या सहज पूर्ण होतील. तेवढ्यावर हे काम करता येते, असे एका मित्राने सांगितले. हे खरे आहे का? यासाठी वेगळा परवाना किंवा परीक्षा असते का? मी वापरणार असलेला कॅमेरा काडेपेटीपेक्षा थोडाच मोठा आहे, त्यामुळे हेल्मेटवर त्याचे ओझेही जाणवणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी घार

मी फ्लोरिडात अकरा वर्षे टँडम उड्यांचे चित्रीकरण केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी परवान्याविषयी. यूएसपीए हवेतील छायाचित्रकारासाठी वेगळे प्रमाणपत्र देत नाही. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचे नियमही टँडम प्रशिक्षकाकडून किमान तीन वर्षांचा अनुभव आणि 500 उड्या मागतात, पण समोर कॅमेरा घेऊन उडणाऱ्याबद्दल काहीच बोलत नाहीत. त्यामुळे निर्णय ड्रॉपझोनचा, म्हणजे उड्यांचे मैदान चालवणाऱ्यांचा, टँडम साधन बनवणाऱ्या कंपनीच्या अटींचा आणि सरतेशेवटी त्या प्रशिक्षकाचा असतो. तुमच्या मित्राने सांगितलेला 200 चा आकडा खरा आहे, मात्र तो वेगळ्या गोष्टीचा आहे. कोणताही कॅमेरा अंगावर घेऊन, अनुभवी मित्रांबरोबर उडी मारण्याआधी 200 उड्या आणि ‘बी’च्या पुढचा ‘सी’ परवाना असावा, अशी यूएसपीएची शिफारस आहे. ज्या छत्रीने, म्हणजे पॅराशूटने, आणि ज्या साजाने कॅमेरा घेऊन उडायचे, त्यावर अलीकडच्या किमान 50 उड्या झालेल्या असाव्यात, हेही तिथेच लिहिले आहे. विद्यार्थ्यांचे (टँडमचा प्रवासीही विद्यार्थीच धरला जातो) चित्रीकरण करायचे तर अपेक्षा आणखी वाढते: इतरांबरोबर गटाने केलेल्या 300 उड्या आणि त्याशिवाय अनुभवी उडीबाजांबरोबर कॅमेरा घेऊन केलेल्या 50 उड्या. जुलैपर्यंत तुम्ही या वाटेच्या सुरुवातीला पोहोचलेले असाल.

आता हे आकडे असे का आहेत ते सांगतो, कारण आकडे पाठ करून उपयोग नाही. टँडम जोडी विमानातून बाहेर पडली की काही क्षणांत प्रशिक्षक ड्रोग, म्हणजे लहानशी लगाम-छत्री, मागे सोडतो. ती नसती तर दोघांच्या वजनामुळे जोडी ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली गेली असती. ड्रोगमुळे तो वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरवर येतो, म्हणजे एकट्या माणसाइतका होतो, आणि म्हणूनच आपल्याला तिच्या समोर राहता येते. छायाचित्रकार विमानाच्या बाहेर पायरीवर लटकलेला असतो आणि जोडी सुटण्याच्या नेमक्या क्षणी त्याला सुटायचे असते. अर्धा सेकंद उशीर झाला तर तो जोडीच्या मागे आणि वर येतो, म्हणजे जिथून ड्रोग बाहेर येणार तिथेच. पडणाऱ्या शरीरांच्या वर हवेची एक पोकळी तयार होते. तिच्यात कोणी शिरला की त्याचा आधार निघून जातो आणि तो थेट खालच्यांच्या पाठीवर आदळतो. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण कॅमेऱ्याच्या चौकटीकडे लक्ष असताना अंगाला आपोआप कळाव्या लागतात, आणि त्यासाठी गटाच्या उड्या हव्यात. शिवाय प्रत्येक जोडीचा वेग सारखा नसतो. तुमचे बाबा धिप्पाड आणि आई सडपातळ असेल, तर एकाच दिवशी दोन वेगळ्या वेगांशी जुळवून घ्यावे लागेल.

कॅमेऱ्याच्या आकाराबद्दलची समजूत मात्र सोडून द्या. लहान कॅमेरा हेल्मेटवर बसवण्याचा माउंटही छत्रीच्या दोरीला अडकू शकतो. हेल्मेट एका हाताने झटकन सोडता येईल अशी कळ हवी, आणि ती वापरण्याचा सराव जमिनीवर डोळे मिटून झालेला असावा. बाह्यांना कापडी पंख असलेला छायाचित्रकाराचा सूट घातलात तर छत्री उघडण्याच्या हँडलपर्यंत हात कसा जातो, हेही नव्याने शिकावे लागते.

नाशिककर टँडम

मी गेली काही वर्षे टँडम प्रशिक्षक आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण छत्री उघडण्याच्या क्षणाबद्दल भर घालतो.

आम्ही साधारण पाच-साडेपाच हजार फुटांवर मुख्य छत्री उघडतो. त्या क्षणी जोडी एकदम मंदावते आणि छायाचित्रकार मात्र त्याच वेगाने खाली जात राहतो, म्हणून त्याला जोडी वर उचलली गेल्यासारखी दिसते. सगळ्यांना हाच देखावा हवा असतो. पण त्या वेळी तो माणूस आमच्या वर असेल, तर उघडणारी छत्री आणि तिच्या दोऱ्या थेट त्याच्या वाटेत येतात. आणि समोर, योग्य जागी असला तरी त्याच्यासाठी घड्याळ चालूच असते: हजार फूट जायला साडेपाच-सहा सेकंदच लागतात. पाच हजारांवरून अडीच हजारांवर यायला पंधरा सेकंदही मिळत नाहीत, आणि तेवढ्यात आजूबाजूला पाहून, दूर जाऊन, त्याला स्वतःची छत्री उघडायची असते. चित्र सुंदर येत असताना उंचीमापकाकडे पाहणे वाटते तितके सोपे नाही.

आणखी एक गोष्ट. माझ्या छातीशी बांधलेला प्रवासी माझ्यावर विश्वास ठेवून आलेला असतो. समोर कोण उडणार आहे, हे त्याने निवडलेले नसते. म्हणून अनोळखी छायाचित्रकाराला नकार देण्याचा अधिकार मी वापरतो, आणि त्यात मैत्री आड येऊ देत नाही. समोर स्वतःचे आई-बाबा असतील, तर तुमचे मन उडीत राहील का, याचाही विचार करा.

रानवारा

क्षमस्व, पण मला हे थोडे अतिशयोक्त वाटते. मी 180 उड्यांनंतर मित्रांच्या उड्या चित्रित करू लागलो आणि आजवर काही झालेले नाही. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. शिवाय आता प्रशिक्षक मनगटावर कॅमेरा बांधून स्वतःच चित्रीकरण करतात, मग एवढी भीती कशाची?

जुनी घार

मित्रांच्या उडीत प्रत्येकाला बाजूला होता येते, टँडममध्ये प्रवाशाला होता येत नाही. मनगटावरील कॅमेऱ्याचे उदाहरण उलट तुमच्या विरोधात जाते, कारण तो वापरण्याआधी प्रशिक्षकाने 200 टँडम उड्या केलेल्या असाव्यात, हा यूएसपीएचा शिफारस नसलेला, बंधनकारक नियम आहे.

‘काही झालेले नाही’ याबद्दलही थोडे. 1988 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार विद्यार्थ्याचे चित्रीकरण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला आणि त्याने पॅराशूट बांधलेलेच नव्हते. त्या काळी चित्रीकरणाचे जड यंत्र अंगावर बांधत, त्यामुळे पाठीवर भार नसल्याचे कोणाच्या लक्षात आले नसावे, असे तेव्हा मानले गेले. कॅमेरा लक्ष कसे खातो, याचे याहून विदारक उदाहरण मला माहीत नाही. तेव्हापासून मी विमानात चढण्याआधी आणि दार उघडण्याआधी, कॅमेरा हाताळण्यापूर्वी, पॅराशूटच्या तिन्ही हँडलना हात लावून पाहतो. लोक हसतात.

रेवती, सिॲटल

दोन बाजूच्या सूचना. तुम्ही एच-1बी व्हिसावर असाल, तर पुढे अनुभव मिळाल्यावरही ड्रॉपझोनसाठी पैसे घेऊन चित्रीकरण करणे हे परवानगी नसलेले काम ठरते. पैशांऐवजी फुकट उडी मिळत असेल, तरी आधी वकिलाला विचारावे.

दुसरे, आईंच्या पोशाखाबद्दल. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती, हे वाचून माझ्या सासूबाईंनीही साडीचा हट्ट धरला होता. त्यांना समजावावे लागले की शीतलताईंच्या पाठीशी शेकडो उड्यांचा अनुभव होता आणि पदर-निऱ्या हवेत सुटू नयेत म्हणून तयारी करावी लागते. टँडमसाठी अंगाबरोबर बसणारे कपडे आणि बुटांना घट्ट नाड्या एवढे पुरे.

वाऱ्यावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमच्या ड्रॉपझोनवर चौकशी केली, तेव्हा तिथल्या मुख्य प्रशिक्षिकेनेही 300 आणि 50 हेच आकडे सांगितले, वर तिथल्याच छायाचित्रकारांबरोबर दहा सराव-उड्या करण्याची त्यांची स्वतःची अट आहे. म्हणून दोघांसाठी तिथलेच छायाचित्रकार ठरवले आहेत. टँडम जोड्या तिथे सर्वांत शेवटी सुटतात. मी त्याच विमानातून, कॅमेऱ्याशिवाय, आधी उतरेन आणि बाबा खाली येईपर्यंत मैदानाच्या कडेला उभा राहीन. विमानात बाबांच्या समोर बसण्याची परवानगी मात्र मिळाली आहे.